ग्लिसरीन फिल्टरचं होतं

रक्तातल्या पेशी आपल्यातून अतिसूक्ष्म पुटिका बाहेर सोडतात. त्या गाळून वेगळ्या करायच्या, फोडायच्या आणि आत कोणती रसायनं आहेत ते यंत्रावर बघायचं, हे माझं नोकरीतलं शेवटचं काम. उरला या कारखान्यांच्या वसाहतीतल्या भट्ट्यांवर काम करणाऱ्यांच्या पुटिकांत मला भरपूर ग्लिसरीन सापडलं. मी ते रायपूरभर सांगत सुटलो.

माझ्या हाताखालच्या संशोधक मुलीने एका नळीत रक्ताऐवजी नुसतं पाणी घेऊन ते सगळ्या पायऱ्यांतून नेलं होतं. भर बैठकीत ती म्हणाली, "सर, या पाण्यातही तेवढंच ग्लिसरीन आहे. फिल्टर कोरडा पडू नये म्हणून बनवणारेच लावतात ते. आधी धुवून घ्यायला पाहिजे होता."

"पाणी तपासून राहिली काय? मग पाण्याचाच पेपर छाप!" मी म्हणालो. सगळे हसले. तिचं काम अस्वच्छ आहे असा शेरा मी लिहिला आणि तिला प्रकल्पातून काढलं.

त्याच आठवड्यात मी गुपचूप एक कोरा फिल्टर तपासला. ती बरोबर होती. तरी मी पेपर छापला.

निवृत्तीनंतर इतक्या वर्षांनी, यंदा परवानगी काढून मी गोठवून ठेवलेले तेच नमुने धुतलेल्या फिल्टरमधून पुन्हा गाळले. ग्लिसरीन गेलं, आणि त्याच्याखाली दबलेला खरा फरक वर आला. भट्टीवाल्यांच्या पुटिकांत एक अमिनो आम्ल कमी होतं. तिच्या जुन्या टिपणात ही शंका लिहिलेली होती. मी प्रयोगशाळेत एकट्यानेच टाळ्या वाजवल्या.

ती आता कॉलेजात शिकवते. गुढियारीला तिच्या घरी गेलो.

"काहून आले सर, इतक्या वर्षांनी?"

मी सगळं सांगितलं, कोऱ्या फिल्टरचंही.

"हे मले घरात नका सांगू. जिथं लोक हसले होते, तिथं सांगा."

"हव," मी म्हणालो.

मागच्या महिन्यात त्याच सभागृहात उभा राहून सांगितलं, "जुना पेपर मी मागे घेतला आहे. चूक माझी होती, आणि ती मला तेव्हाच ठाऊक होती. नव्या पेपरवर पहिलं नाव यांचं आहे."

मग ती बोलायला उभी राहिली. तिचं संपल्यावर एका तरुण शास्त्रज्ञाने सवयीने प्रश्न मला विचारला. मी तोंड उघडायच्या आत ती माइकवर म्हणाली, "इकडे विचारा, भैया. काम माझं आहे."