हेमांगी कशासाठी पळते

पारोळ्यात बाईला पळायचं असेल तर आधी सरकारी फॉर्म भरलेला लागतो. खोटं वाटत असेल तर आमच्या गल्लीत या. माझी धाकटी जाऊ हेमांगी चार वर्षं पहाटे पाचला पायात बूट घालून धुळे रस्त्याने पळायची, आणि कुणी हूं की चूं केलं नाही. का? तर पोलीस भरतीची तयारी करते. उद्या खाकी घालेल, मग पळू द्या. भरतीचं वय उलटलं आणि तीच बाई, तेच बूट, तोच रस्ता, पण आता ती बेशरम. डोकंच फिरतं माझं.

मी दिपमाला, थोरली. अठरा वर्षं या घरात भाकरी थापतेय, तेव्हा बोलायचा हक्क मला आहे.

हेमांगी लग्न होऊन आली तेव्हा चांगली बडबडी होती. दोनदा दिवस गेले आणि दोनदा पोट रिकामं झालं. दुसऱ्या वेळेनंतर ती बोलायचीच थांबली. स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून बसायची. गहू निवडायला दिले तर तासाभराने ताट तसंच. आमच्या सासूबाई, सुंदरबाई, त्यांनी नवस केले, ताईत बांधला. दीपकने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, नवा मोबाईल आणून दिला. कशाचाच उपयोग झाला नाही.

उपयोग झाला तो शेजारच्या पुनममुळे. ही पोरगी भरतीची तयारी करत होती, पण अंधारात एकटीला घरचे सोडत नव्हते. सोबत म्हणून ती हेमांगीला ओढून घेऊन गेली. पहिले आठ दिवस ही नुसती चालली. पुढच्या आठवड्यात पळायला लागली. महिन्याभराने मला म्हणाली, "ताई, आज भूक लागली." स्वतःहून खायला मागितल्याला तिला वर्ष झालं होतं. मी दोन भाकरी जास्तच वाढल्या.

पुढे सासूबाई कुरकुरायला लागल्या, म्हणून हिनेही फॉर्म भरून टाकला. तीनदा भरला. आठशे मीटर निघायचं, गोळा मात्र जवळच पडायचा. तीनदा नापास होऊन आली आणि तीनदा ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीवर ठेचा घेऊन हसत जेवली. आम्हाला वाटायचं, हिला काही वाटतच नाही का? तिला जे हवं होतं ते रोज सकाळी मिळत होतं, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात शिरलं नाही.

गेल्या साली तिचं वय संपलं. पुनम पास होऊन ट्रेनिंगला गेली. हेमांगी एकटीच निघाली, तर कोपऱ्यावरच्या चहावाल्या भाईदासने विचारलं, "वहिनी, आता कोणती भरती?" बाकावरचे चौघे खो खो हसले. सासूबाई म्हणाल्या, "बठ्ठं गाव हासी ऱ्हायनं." दीपक मान खाली घालून बसला. माणूस वाईट नाही, पण नेमकं लागतं तेव्हा त्याचं तोंड उघडत नाही. मीही म्हणाले, "बरं झालं, आता सकाळी भाकरीला तुझा हात लागेल." चार वर्षं ते सगळं मी एकटीने ओढलं होतं, एवढं बोलले तर बिघडलं कुठे.

त्या आठवड्यातच तिने बूट धुतले आणि पोत्यात गुंडाळून माळ्यावर टाकले.

दोन महिन्यांत ती पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसायला लागली. भाजीत मीठ दोनदा, नाहीतर नाहीच. केस विंचरायला मी धरून बसवायचे. गल्लीने ठरवून टाकलं की नोकरी हुकली ते मनाला लागलंय. नोकरी कसली डोंबलाची. एके दिवशी मला म्हणाली, "ताई, सकाळी डोळे उघडतात ना, त्याचाच राग येतो." मी घाबरले. दुसऱ्याच दिवशी तिला धुळ्याला घेऊन गेले.

तिथल्या मनाच्या आजाराच्या डॉक्टरीणबाईंनी घाई केली नाही. शेवटी विचारलं, "तुम्हाला शेवटचं बरं कधी वाटत होतं?" हेमांगी म्हणाली, "पळायचे तेव्हा." बाईंनी गोळ्या लिहिल्या आणि त्यांच्याही वर पहिल्या ओळीत लिहिलं, रोज अर्धा तास पळणे. मला म्हणाल्या, "गोळ्या चुकवायच्या नाहीत, आणि हेही चुकवायचं नाही. नियमाने अंग हललं की झोप लागते, मन हलकं होतं. हिला ते लागू पडलेलं आहे, मग बंद का केलं?"

मी काय सांगणार, फॉर्म संपला म्हणून?

घरी आल्यावर सासूबाईंनी गोळ्या नीट डब्यात ठेवल्या. पहिल्या ओळीबद्दल म्हणाल्या, "ते असंच लिखेल ऱ्हास." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मेडिकलवर मिळत नाही ते औषधच नाही का? गल्लीतले शुगरवाले काका सकाळी हात हलवत रस्ताभर मिरवतात. त्यांना कुणी विचारतं का, काका, कोणती भरती?

मी माळ्यावरून बूट काढले. हेमांगीला पढवून ठेवलं की कुणी विचारलं तर सांग, जंगल खात्याची भरती निघालीय, तिथे वय चालतं. कुणाला काय कळतंय.

पहाटे दार उघडलं तर सासूबाई ओट्यावर बसलेल्या. "कोनती भरती शे?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात हेमांगीच बोलली. "कोनतीच नही."

"मंग कसाले पयी ऱ्हायनी?"

तिने वाकून बुटाची नाडी आवळली. "माले बरं वाटस," ती म्हणाली.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "दिपमाला, सांग हिले." अठरा वर्षं त्यांनी असं पाहिलं की मी त्यांच्या बाजूने बोलत आले. त्या दिवशी म्हणाले, "सांगितलंय, आई. लवकर जा, ऊन चढतं, असं सांगितलंय." हेमांगी गेली. मी भाईदासच्या टपरीवर गेले आणि बाकावरच्या चौघांना विचारलं, की तुमची ही पोटं कोणत्या भरतीसाठी वाढवताय? त्यानंतर तिथून कुणी काही विचारलं नाही.

याला सहा महिने झाले. गोळ्या कमी झाल्यात. ती पळून येते, घामाने निथळत चुलीजवळ बसते आणि मी गरम भाकरी तिच्या ताटात टाकते. परवाही तशीच बसली होती. माझं नेहमीचं सुरू होतं, सासूबाई, दीपक, भाईदास, गल्ली, एकेकाचा उद्धार.

हेमांगी घास तोडत म्हणाली, "ताई, ते हसले त्याच्या दुसऱ्या दिवशीही मी गेले होते पळायला. तुम्ही भाकरीचं बोललात ना, तेव्हा थांबले."

राग नव्हता तिच्या बोलण्यात. ठेचा मागावा तसं म्हणाली, आणि पुढचा घास घेतला.

सहा महिने मी सगळ्या पारोळ्याला शिव्या घालत होते. एका बाईला सोडून.