मखर

सरांचा थोरला भाऊ त्यांच्याशी बोलायचा बंद झाला तो माझ्यामुळे. हे सरांना माहीत होतं, मला माहीत होतं, आणि सर गेले तोपर्यंत तिसऱ्या कोणालाही माहीत नव्हतं. सरांवर लिहायला बसलो की पहिल्या ओळीत हेच येतं, म्हणून तेच आधी लिहून टाकतो.

विद्यापीठात त्यांना सगळे ‘उसनवार सर’ म्हणत. महाराष्ट्र नुकताच झाला होता आणि आमचा मानववंशशास्त्राचा विभाग त्याहूनही नवा होता. सरांना संग्रहालय उभं करायचं होतं. जागा मिळाली ती ग्रंथालयामागची, जिथे आधी सायकली ठेवत. वस्तू विकत घ्यायची सोय नव्हती, आणि असती तरी सरांनी घेतल्या नसत्या. ते वस्तू मागून आणत. संग्रहालयातल्या एकाही वस्तूला त्यांनी कधी ‘आपली’ म्हटलं नाही. मी तिफणीवर क्रमांक रंगवला तरी ती त्यांच्या तोंडी ‘वरवट बकालच्या म्हाताऱ्याची तिफन’च राहिली. दुसऱ्या विभागातले एक प्राध्यापक एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, “हे संग्रहालय आहे की शेजारणीची वाटी?” सर हसले. “वाटीच हाय. वाटी वापस गेली नाही तं दुसऱ्या बारीले साखर भेटत नाही.”

सर बुलढाणा जिल्ह्यातले, मोताळ्याजवळच्या एका खेड्यातले. बाहेर शिकून आले, पण बोली सोडली नाही. वर्गातही ‘मले’ आणि ‘तुले’ चालायचं. मी पुण्याचा. बाहेरचे पाहुणे आले की सरांच्या बोलण्यानं मला अवघडल्यासारखं व्हायचं. मी त्यांचा संग्रहालय सहायक होतो आणि स्वतःला त्यांच्यापेक्षा शिस्तीचा समजत होतो. संग्रहालय कसं चालवावं यावरची पुस्तकं मी वाचली होती.

वस्तू मागायची त्यांची एक रीत होती. घरात गेल्यावर वस्तूकडे बघायचंच नाही. आधी पाणी, मग कपाशी कशी आहे, मग कोणाच्या मुलीचं कुठे जमलं. मी कंटाळून अंगणात उभा असायचो. उठता उठता, जोड्यात पाय घालताना, सर म्हणायचे, “तेवढं जातं पाहुनं म्हनून नेऊ का, माय?” एका म्हातारीनं त्यांना जातं दिलं आणि वर ऐकवलं, “जातं नेता तं दयाले बी तुमीच येजा, मास्तर.”

“येतो ना. पन पीठ जाडंभरडं येईन हो.”

“तुमच्या बायकोले चालत असंन तं आमाले काय!”

सरांनी लग्न केलं नव्हतं. त्यांचं घर म्हणजे गावातले दादा आणि वहिनी. आईवडील लवकर गेले. दादांनी शाळा सोडून नांगर धरला म्हणून सर शिकले. हे सर प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या भेटीतच सांगत. सुट्टी लागली की दुसऱ्या दिवशी ते गावात असत.

त्या घराला पोळ्याचा मान होता. बैलाच्या शिंगांमध्ये बांधायची सागवानी चौकट, वर कोरलेला मोर, पिढ्यांच्या तेलानं काळी पडलेली. तिला मखर म्हणतात. मखर बांधलेला बैल तोरणाखालून पहिला जातो, मग पोळा फुटतो आणि गावचे बाकीचे बैल मागून निघतात. ते मखर सरांनी दादांकडून आणलं. दादांनी एकच अट घातली. मी तिथेच होतो. “पोळ्याले वापस आनजो. एक दिवस. मंग ने आनखी.” सर म्हणाले, “हाव, दादा.” दादांनी मखर धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि त्यांच्या हातात दिलं.

त्या वर्षी श्रावणात सरांना कावीळ झाली. दवाखान्यातल्या खाटेवरून त्यांनी मला सांगितलं, “पोळ्याच्या आधी मखर गावात पोचवजो. तू सोता जाजो.” मी हो म्हटलं. त्याच आठवड्यात संग्रहालय बघायला मोठे पाहुणे यायचे होते, आणि मखर समोरच्या भिंतीवर मधोमध होतं. नोंद झालेली वस्तू बैलाच्या डोक्यावर बांधायला बाहेर पाठवायची, हे माझ्या पुस्तकांत बसत नव्हतं. मी विद्यापीठाच्या सुताराकडून तसंच दुसरं मखर करून घेतलं. काजळी आणि तेल चोळून काळं केलं. ओळखीच्या कंडक्टरकडे दिलं आणि पाहुण्यांच्या तयारीला लागलो. मी स्वतः गेलो नाही.

जुन्या मखराची डावी बाजू कधीतरी बैलानं भिंतीवर आपटून फोडली होती, आणि सरांच्या आजोबांनी तिथे तांब्याची पट्टी ठोकली होती. सुतारानं विचारलं, “पट्टी मारू का, साहेब?” मी म्हटलं, “नको. ती नंतरची दुरुस्ती आहे. मूळ रूप दाखवायचं.”

गाव ते मखर पट्टीवरूनच ओळखत होतं.

पुढचं मला दिवाळीत कळलं. सर उठून फिरायला लागले होते आणि मला घेऊन गावी निघाले. वाटेत मोताळ्याच्या बाजारात त्यांनी दादांसाठी बैलांची घुंगरं घेतली. मी पोळ्याबद्दल काही बोललो नाही, त्यांनीही विचारलं नाही. त्यांच्या लेखी ते काम झालेलं होतं. घरी दादा बाहेर आले नाहीत. वहिनींनी ओट्यावरच पाणी आणलं, परक्याला आणतात तसं.

“भाऊजी,” त्या खाली बघत म्हणाल्या, “आपलं मखर शहरात इकलं म्हनते गाव. पट्टी कुठी हाय म्हने? नवं करून काऊन धाडलं तुमी? तोरनाखाली सबन गावानं थांबवलं तुमच्या दादाले. मान दुसऱ्या घरी गेला. हे भरल्या पोळ्यातून बैल घेऊन वापस आले.”

सरांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मी पाण्याच्या तांब्याकडे बघत होतो.

“हाव, वयनी,” सर म्हणाले. “मीच धाडलं. मले वाटलं चालते.”

आतून दादांचा आवाज आला. “त्याले म्हना, आता येऊ नको.”

घुंगरं ओट्यावर ठेवून सर उठले. मोताळ्याच्या स्टँडवर त्यांनी मला भजी घेऊन दिली आणि खिडकीचं वारं लागतं का विचारलं. एवढंच. मी भजी खाल्ली. त्यांची चव मला आठवत नाही.

पुढच्या पोळ्याला ते एकटेच खरं मखर घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी मखरासकट परत आले आणि ते त्याच खिळ्याला टांगलं. “दादानं बाहीर येऊन पाह्यलं बी नाही. वयनीजवळ सांगून धाडलं, आता काय करू त्याले.” त्यानंतर ते गावी गेले नाहीत. सुट्टीतही संग्रहालयात येऊन बसत. विद्यार्थी वाढले, खोल्या वाढल्या, वर्तमानपत्रात फोटो आले. वस्तू मागायला मात्र आता मीच जायचो. लोकांकडून वस्तू भेट दिल्याची सही घ्यायचो. सरांनी कधी अडवलं नाही.

एकदा मी सुरुवात केली होती. “सर, त्या मखराचं...”

“त्या भिंतीले ओल येऊन राह्यली,” ते म्हणाले. “पाहून घेजो.”

मी ओल पाहून घेतली. माझी नोकरी तेव्हा कायम व्हायची होती. नंतर कायम झाली, नंतर वाढली. बोलायचं राहिलं ते राहिलंच. मनाला टोचत होतं असंही म्हणवत नाही. एखाद्या बोटाची जाणीव गेली की माणूस त्या बोटाशिवाय कामं करायला शिकतो, तसं झालं होतं.

सर निवृत्त झाले आणि पुढच्याच हिवाळ्यात गेले. गावी तार केली होती. कोणी आलं नाही. अग्नी मी दिला.

मग मी खरं मखर भिंतीवरून काढलं आणि गावी गेलो. वहिनी आधीच वारल्या होत्या. दादा ओट्यावर अंबाडीचा दोर वळत बसले होते. त्यांनी मला ओळखलं नाही. मी नाव सांगितलं, मखर पुढे ठेवलं आणि घडलं ते सांगितलं. त्यांचे हात दोरावरच थांबले.

“म्हंजे त्यानं इकलं नोतं?”

“नाही.”

“नवं बी त्यानं नाही धाडलं?”

“नाही. ते दवाखान्यात होते.”

“मंग सांगतलं काऊन नाही त्यानं? मी का त्याले खाल्लं असतं?”

“माझं नाव आलं असतं. माझी नोकरी कच्ची होती.”

बराच वेळ ते तांब्याची पट्टी अंगठ्यानं चाचपत राहिले. मी आणखी काही बोलणार, तोच ते भिंतीला धरून उठले. “मले सांगून काय होते आता? भाऊ तं गेला. चोर गावानं म्हटलं त्याले. गावाले सांगा.”

ते पुढे, मखर घेऊन मी मागे. वेशीजवळच्या पारावर संध्याकाळचे लोक टेकले होते. कोणीतरी दादांना जागा करून दिली, पण ते बसले नाहीत. “हे विद्यापीठातले साहेब हायेत,” ते म्हणाले. “यायचं म्हननं आइका.” आणि माझ्याकडे वळून, “बोला.”

मी बोललो. आवाज खाली गेला तेव्हा मागून कोणीतरी म्हणालं, “जोरानं बोला, साहेब.” म्हणून पुन्हा पहिल्यापासून, मोठ्यानं सांगितलं: “तुमच्या गावचं मखर सरांनी विकलं नाही. पोळ्याला नवं मखर मी पाठवलं, त्यांना न सांगता. त्यांनी दोष स्वतःवर घेतला आणि मी घेऊ दिला. माझं चुकलं. दादा, मला माफ करा.”