खंडेनवमीनंतरची लाइन

आमच्या कारखान्यात भिंतीवर उंच एक मोठा स्क्रीन लावलेला आहे आणि माझा त्याच्यावर मनापासून राग आहे. लाइन चालू असली की तो हिरवा, माल अडला की पिवळा, थांबली की लाल. हाच स्क्रीन पुण्यातल्या आमच्या साहेबांना त्यांच्या मोबाइलवर दिसतो. इकडे जालन्याच्या एमआयडीसीत लाल झालं की तिकडे साहेबांचा चहा कडू होतो आणि लगेच माझा फोन वाजतो. उंटावरून शेळ्या हाकायची याच्याइतकी चांगली सोय आजवर कुणी केली नसेल.

आम्ही शेतातल्या मोटारींचे ऑटोस्विच बनवतो. लाइट आली की विहिरीवरची मोटार आपोआप चालू करणारी ती डबी. तिच्या पोटातला हिरवा सर्किट बोर्ड आमच्या लाइनीवर तयार होतो. एक मशीन बोर्डावर सोल्डरचा लेप देतं, दुसरं तिळाएवढाले पार्ट उचलून जागच्या जागी ठेवतं, मग भट्टी, आणि शेवटी कॅमेऱ्याचं तपासणी मशीन. कुठला पार्ट कुठे ठेवायचा आणि चांगला बोर्ड दिसतो कसा, हे प्रत्येक मशीनला कॉम्प्युटरवरून शिकवावं लागतं. ते शिकवणं माझं काम. मी मूळचा कुंभार पिंपळगावचा. मुलगा काय करतो असं गावात कुणी विचारलं की आई सांगते, "मशिनीला शिकवतो." त्यामुळे निम्मा गाव मला मास्तर समजतो. मीही कधी कुणाचा गैरसमज दूर केला नाही.

ही गोष्ट जिची, ती आमच्याकडे हाताने पार्ट बसवायच्या टेबलावर होती. माहेर पिंपळगाव रेणुकाईच्या बाजूचं. घरात पूर्वी मेंढरं, आता कोरडवाहू शेती. नवरा इथेच स्टीलच्या कारखान्यात. जेवणाच्या सुट्टीत ती डबा भराभर उरकायची आणि माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहायची. मला पाठीमागे कुणी उभं राहिलेलं अजिबात खपत नाही.

"काय पाहिजे?" मी खेकसायचो.

"काही न्हाई भाऊ. बघून राह्यले."

बाकी सगळे मला सर म्हणतात. ही पहिल्या दिवसापासून भाऊ म्हणाली, आणि भावावर चिडून तरी किती चिडणार? मग प्रश्न सुरू झाले. हे असं का, ते तसं केलं तर काय होतं, मशीनला हे कळतं कसं. तिने मला भंडावून सोडलं. शेवटी वैतागून मी शेजारी एक खुर्ची ओढली आणि म्हणालो, "बस. उभी राहून माझं डोकं खाऊ नकोस, बसून खा." त्या खुर्चीत बसून ती प्रोग्राम करायला शिकली. चांगली शिकली. हे मी तिच्या तोंडावर कधी म्हटलं नाही, कारण लगेच डोक्यावर बसली असती.

यंदा दुसरी लाइन आली आणि प्रोग्रामसाठी आणखी एक माणूस लागणार हे ठरलं. साहेब म्हणाले, पुण्याहून एक मुलगा पाठवतो. मी म्हणालो, आपल्याकडे आहे की. मग साहेबांनी निकाल दिला: दसऱ्यानंतर ऑटोस्विचचं नवीन मॉडेल लाइनीवर येईल, त्याचा प्रोग्राम तिने एकटीने करायचा. पहिला माल नीट निघाला तर ती जागा तिची. नाही निघाला तर पुण्याचा मुलगा येणार आणि ही परत टेबलावर.

"मी सासूला सांगून बसले, भाऊ," ती म्हणाली. "आता टेबलावर गेले तर ती म्हणंल, उगाच हवेत व्हती."

खंडेनवमीला आमच्याकडे कामाच्या हत्यारांची पूजा होते. कुणी कितीही शिकलेलं असो, त्या दिवशी पक्कड आणि कॉम्प्युटर यांचा मान सारखा. मशीनींना झेंडूच्या माळा, दारांना तोरणं, प्रत्येक मशीनच्या अंगावर हळदीकुंकवाची बोटं. पाटावर पक्कड, सोल्डरिंग गन, स्क्रू ड्रायव्हर मांडले होते. त्यात तिने आपल्या नव्या मॉडेलचा मास्टर आणून ठेवला. मास्टर म्हणजे खात्रीने बरोबर असलेला एक बोर्ड. तो दाखवून तपासणी मशीनला शिकवायचं की बाबा, चांगला बोर्ड असा असतो, याच्यासारखा दिसला तर पास, नाहीतर नापास. तिने त्यालाही हळदीकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या आणि डोळे मिटून हात जोडले.

मी ओरडलो. "अगं, बोर्ड आहे तो! पूस आधी."

"पुसते की. देवाला पावू तर द्या."

पूजा झाल्यावर तिने बोर्ड साफ करायचं लिक्विड घेऊन तो लख्ख पुसला. मी स्वतः हातात घेऊन पाहिला. काही दिसलं नाही.

दसऱ्याची सुट्टी संपली. सकाळच्या पाळीला तिने तो मास्टर दाखवून तपासणी मशीनला शिकवलं आणि लाइन सुरू केली. भट्टीतून पहिला बोर्ड आला, कॅमेऱ्याखाली गेला. नापास. दुसरा नापास. तिसराही. लाइन आपोआप थांबली, भिंतीवरचा स्क्रीन लालभडक झाला. टेबलावरच्या पोरी माना वर करून बघायला लागल्या. खिशात माझा फोन थरथरायला लागला. मी उचलला नाही.

मशीनची तक्रार बोर्डाच्या कडेच्या, वायर जोडायच्या पांढऱ्या कनेक्टरबद्दल होती. आम्ही दोघांनी बघितलं: कनेक्टर सरळ, जागेवर, सोल्डर उत्तम. मी कॅमेऱ्याची काच पुसली, दिवे तपासले, कंपनीला आणि कॅमेरा बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांना बोल लावले. तिचा चेहरा उतरला होता, पण हात थांबले नव्हते. तिने मशीनशेजारी ठेवलेला मास्टर उचलला, एक नापास बोर्ड घेतला आणि खिडकीपाशी गेली.

"भाऊ, जरा हिकडं उजेडात या."

दोन्ही बोर्ड तिने शेजारी धरले. नव्या बोर्डावरचा कनेक्टर पांढरा. मास्टरवरचा अगदी फिका, जेमतेम गुलाबी. लिक्विडने कुंकू निघालं नव्हतं, विरघळून त्या पांढऱ्या प्लास्टिकमध्ये शिरलं होतं. आमच्या डोळ्यांना एकटं पाहून ते कळलं नसतं. कॅमेऱ्याला कळलं. त्यात पहिलाच प्रोग्राम म्हणून तिने रंगाची मर्यादा भलतीच कडक ठेवलेली.

ती कपाळावर हात मारून हसायला लागली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "आमच्यात मेंढराच्या पाठीवर रंग लावत्यात, भाऊ. रंग असंल ते आपलं, नसंल ते दुसऱ्याचं. ह्या मशिनीनं बी तेच केलं. समदे बोर्ड दुसऱ्याचे म्हणून हाकलून दिले."

तिने बिनकुंकवाचा एक बोर्ड नीट तपासून घेतला, त्याचा नवा मास्टर केला, मशीनला पुन्हा शिकवलं. बोर्ड पास व्हायला लागले. पण लाइन थांबली होती, आणि ती का थांबली हे सांगितल्याशिवाय स्क्रीनवरची लाल चौकट जात नाही. कारण निवडावं लागतं: माल नाही, मशीन बिघाड, लाइट गेली, प्रोग्रामची चूक, इतर. आमच्याकडे सगळे डोळे झाकून 'लाइट गेली' निवडतात. जालन्यात लाइट गेली यावर पुण्यातला कुठलाही साहेब शंका घेत नाही.

"लाइट टाक," मी हळूच म्हणालो. "जल्दी."

"न्हाई."

"अगं, हात दाखवून अवलक्षण कशाला? तुझी जागा जाईल."

"लाइट टाकली तर लाइटच गेल्ती असं व्हईल. मंग मी काय सापडवलं? चूक बी माझी आन् सापडवली बी मीच. दोन्ही बराबर लिवते."

तिने 'प्रोग्रामची चूक' निवडलं आणि शेजारच्या जागेत टाइप केलं: पूजेत मास्टरला कुंकू लागलं होतं, नवीन मास्टर लावला. बटण दाबलं. मला तिचा इतका राग आला आणि इतका अभिमान वाटला की मी सरळ पाणी प्यायला निघून गेलो.

परत आलो तेव्हा फोन वाजत होता. या वेळी उचलला, स्पीकरवर टाकला.

"हे कुंकू काय प्रकरण आहे?" साहेब.

तिनेच सांगितलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, मेंढरांसकट. पलीकडून एक आवाज आला, तो खोकला होता की हसू, मला आजही सांगता येणार नाही.

"बोर्ड आता कसे निघतायत?"

"बिलकुल बराबर, सर."

"ठीक आहे," म्हणाले आणि फोन ठेवला. ना होकार, ना नकार. पाळी संपेपर्यंत तिचा जीव टांगणीला लागलेला होता आणि माझाही. ती दर बोर्डाला कॅमेऱ्याकडे बघत होती, मी दर मिनिटाला मेलकडे.

पाळी सुटायच्या वेळेला मेल आला. साहेबांनी तिच्यासाठी प्रोग्रामचं वेगळं लॉगिन उघडायला सांगितलं होतं. इतके दिवस ती माझ्याच लॉगिनवर शिकत होती. मी तिला माझ्या खुर्चीत बसवलं, तिचं नाव टाकलं आणि म्हणालो, "आता तुझा पासवर्ड ठेव." ती बराच वेळ स्क्रीनवरच्या आपल्या नावाकडे बघत राहिली. बोटं बटणांवर ठेवली, थांबली, आणि मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"भाऊ, तिकडं तोंड करा."

मी तोंड फिरवलं. बरं झालं, कारण माझे डोळे भरून आले होते.