आतून लावलेली कडी

लातूरच्या क्लासमध्ये मी मराठी शिकवायचो, शेजारच्या खोलीत एक सर राज्यशास्त्र. व्यक्तिस्वातंत्र्याचा धडा असला तरी आधी दाराला आतून कडी घालायचे. मग सुपारी चघळत म्हणायचे, "जीव सांभाळावा म्हणून तर राज्याला सत्ता दिली हाय आपण."

मोठ्या भूकंपानंतरच्या वर्षी एकदा पुन्हा जमीन हलली. कडी काढून सगळ्यांत आधी सरच मैदानात पोचले. मागून पोरं, मीही. शर्ट खोचत सर गरजले, "कुणाला विचारून बाहेर आलात?"

एक पोरगी म्हणाली, "राज्याला जीव सांभाळता आला न्हाई तर प्रजा मोकळी, असं कालच शिकवलं की सर तुम्ही."

"ते पेपरात लिहायचं हाय. चला आत."

सगळे मुकाट्यानं गेले. कडी लागली तेव्हा लक्षात आलं, मीही सरांच्याच वर्गात येऊन बसलो होतो.