सूर धरणाऱ्याचा श्वास

आमच्या घरात काका सनई वाजवत आणि आबा, म्हणजे माझे वडील, सूर धरत. सूर म्हणजेही एक सनईच, पण तिच्यातून एकच स्वर अखंड काढत राहायचा असतो. ताना, हरकती आणि लोकांची वाहवा काकांच्या वाट्याला, आबांच्या वाट्याला तो एक स्वर. तो तुटेपर्यंत ऐकणाऱ्याला त्याची आठवणही होत नाही. श्वास घ्यायलासुद्धा थांबायचं नसतं. गालांत हवा साठवायची, ती गालांनीच पिळून सनईच्या तोंडाशी असलेल्या पत्तीत सोडत राहायची आणि तेवढ्यात नाकानं नवा श्वास आत घ्यायचा. आबा तीस वर्षं हेच करत होते. कसं करता, असं विचारलं तर त्यांना सांगता येत नसे.

अक्कलकोटजवळच्या आमच्या गावी, भवानी पेठेतल्या दोन खोल्यांत, मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिलाच. पुण्याला कॉलेजात होतो, बी.एस्सी.ला. माझी फी लग्नसराईतल्या सुपाऱ्यांवर भागत असे. मला ते कधी कोणी बोलून दाखवलं नाही, आणि आजही त्या दोघा भावांची आठवण झाली की आधी तेच आठवतं.

ही गोष्ट एकोणीसशे तीसच्या दशकाच्या सुरुवातीची. त्या वर्षी थंडीत आबांना फुप्फुसाचा ताप आला. जिवावरचं दुखणं होतं, पण निभावलं. वैशाखात आक्काचं, माझ्या थोरल्या बहिणीचं, लग्न होतं. मुलगा होटगीचा, रेल्वेतल्या पॉइंट्समनचा. आमच्या घराची एक रीत होती. मुलीच्या लग्नात नवरदेव मांडवाच्या दारात उतरला की तो पाटावर बसेपर्यंत घरचा सूर तुटू द्यायचा नाही. आणि घरचा सूर म्हणजे आबा. मी सुट्टीत घरी आलो तेव्हा त्यांनी काकांना सांगूनही टाकलं होतं, "अक्कलकोटचा सूरवाला बोलीव. माजा दम गेला."

आक्का चुलीपुढे बसली होती. मान वर न करताच म्हणाली, "परक्याच्या सुरावर मी मांडवात येनार न्हाय. नवऱ्या मुलाला म्हनावं, जा परत होटगीला."

आबा उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसले. त्यांची ती पाठमोरी आकृती बघून मी आईला म्हणालो, "सूर आबाच धरतील. मी शिकवतो त्यांना."

हे बोलताना मला जराही संकोच वाटला नाही, याचं आता हसू येतं. श्वसनाचा धडा नुकताच झाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वही उघडून आबांना बरगड्या दाखवल्या. छाती आणि पोट यांच्या मधला पडदा दाखवला. तो खाली सरकला की हवा आत येते, वर आला की बाहेर जाते. आबांनी मन लावून ऐकलं. मग मी म्हणालो, "आता दहा वेळा जोरात, खोल श्वास घ्या. छाती काठोकाठ भरली पाहिजे."

आबांनी मुकाट्यानं घेतले. मला वाटतं, ते पुण्याच्या कॉलेजचा मान राखत होते. आठव्या श्वासाला त्यांनी भिंत धरली.

"गरगरतंय रं. हाताला मुंग्या आल्या."

काका दारातून बघत होते. "आरं मास्तर, दुखन्यातनं उठलेला मानूस हाय त्यो! ह्योच का तुमचा कालिजातला दम?"

पुढचे दोन दिवस मी घाईचे श्वास सोडून दिले, पण छाती भरण्याचा हट्ट सोडला नाही. कसोटीला आम्ही पाण्यानं भरलेला वाडगा आणि पपईच्या देठाची नळी घेतली होती. नळीतून फुंकत राहायचं आणि बुडबुडे थांबू द्यायचे नाहीत. आमच्याकडे लहान मुलं हे असंच शिकत, आणि आता तीस वर्षं सूर धरलेला माणूस वाडग्यापुढे बसला होता. शेजारच्या तेलुगू विणकरांच्या मागाची खटखट चालू असे म्हणून बरं, नाहीतर अख्ख्या बोळाला कळलं असतं. छाती भरभरून घेऊनही आबांचे बुडबुडे थोड्याच वेळात थांबत. चेहरा काळवंडे. तिसऱ्या दिवशी त्यांनी नळी बाजूला ठेवली.

"हवा संपली का?" मी विचारलं.

"संपती कुटली? आत भरून हाय. छाती फुटंल असं वाटतंय. नवी घ्यायला जागाच न्हाय."

मी वही उघडायला गेलो आणि हात तसाच राहिला. ते वाक्य माझ्याच अक्षरात तिथे लिहिलेलं होतं. श्वास घ्यावासा वाटतो तो मुख्यतः चांगली हवा संपते म्हणून नाही, तर वापरलेल्या हवेतला कर्बाम्लवायू रक्तात साठतो म्हणून. मेंदूच्या देठात त्याची जाणीव होते आणि तिथून पडद्याला हुकूम सुटतो. परीक्षेत मी ते उत्तर बिनचूक लिहिलं होतं. आणि वडील समोर बसून तेच सांगत असताना त्यांच्या छातीत आणखी हवा कोंबत होतो! पत्तीच्या फटीतून जाते ती हवा किती थोडी. उरलेली शिळी होऊन आतच राहत होती.

"आबा, आधी सोडायचं. गालांनी वाजवत असताना नाकानं आधीची सोडायची, आणि मग थोडीच घ्यायची."

आबा मग सावकाश म्हणाले, "आदी मी तसंच करत हुतो की रं. दुखनं झाल्यापासनं भ्या वाटतंय. आता दम पुरंल का न्हाय, म्हनून जास्ती वडतोय."

त्यांनी नळी उचलली. बुडबुडे सुरू झाले. गाल फुगले, नाकपुड्या जरा हलल्या, पुन्हा हलल्या. बुडबुडे चालूच. काका येऊन वाडग्याशी उकिडवे बसले. आक्का पिठाच्या हातानं दारात आली. थोड्या वेळानं आबांनी मुद्दाम एक मोठी फुंकर मारली आणि वाडग्यातलं सगळं पाणी काकांच्या तोंडावर उडालं.

"दादा!" काका ओरडले, आणि आम्ही सगळे इतके हसलो की शेजारचा माग थांबला.

त्या संध्याकाळी आबांनी मला विचारलं, "मी झोपल्यावर माजा दम कोन चालवतंय?"

मी त्यांच्या मानेच्या वरचा भाग बोटानं दाखवला. "इथे. त्याला सांगावं लागत नाही. आपण सांगितलं तर थोडा वेळ ऐकतो, पण फार अडवलं तर आपलं चालू देत नाही."

"म्हंजे आतबी एक सूर धरनारा बसलाय म्हन की," आबा म्हणाले. त्यांना ही कल्पना इतकी आवडली की त्यांनी ती आईला, काकांना आणि शेजारच्या विणकरालाही सांगितली.

लग्नाच्या दिवशी ऊन कडक होतं. नवरदेव मांडवाच्या दारात उतरला, काकांनी सनई लावली आणि आबांचा सूर सुरू झाला. घोळ झाला तो पुढे. नवरदेवाचे पाय धुवायला ठेवलेलं घंगाळ सकाळपासून उन्हात होतं, आणि ते कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. पहिला तांब्या पायावर पडताच नवरदेव टुणकन उडाला. त्याची मावशी कडाडली, "जावायाला उकडून खाताय व्हय?" दोघीजणी गार पाण्याला आडावर पळाल्या. व्याही घाम पुसत उभे. काकांची सनई दोनदा थांबली. त्यांना थांबायची मुभा होती. सूर चालू होता.

मी आबांच्या समोरच उभा होतो. त्यांच्या नाकपुड्यांकडे बघत होतो. आधी सोडताहेत का? सोडत होते. पाणी आलं, पाय धुतले, मावशीची समजूत घातली, व्याह्यांच्या गळाभेटी झाल्या. कोणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली. "आरं, तूच दम कोंडून उभा हायस की! सोड!" मी सोडला तेव्हा डोळ्यांपुढे काजवे चमकले.

नवरदेव पाटावर बसला. आबांनी सनई तोंडातून काढली. सूर थांबल्यावरच मांडवाला कळलं की तो एवढा वेळ चालू होता. आतल्या खोलीच्या दारातून आक्कानं पाहिलं. मुंडावळ्यांच्या आड ती रडत होती की हसत होती, मला नीट दिसलं नाही.

मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या आणि आबा तसेच घामेजलेले कन्यादानाला आईशेजारी पाटावर बसले. भटजींनी आचमन करवलं आणि सवयीनं म्हणाले, "आता नाक धरा. श्वास रोखा."

आबांनी नाकाकडे नेलेला हात खाली घेतला.

"भटजी," ते म्हणाले, "लई येळ धरलाय. आता जरा सोडू द्या."

भटजी थांबले. आबांनी डोळे मिटून एक लांब, सावकाश श्वास सोडला. सगळा मांडव तो संपायची वाट बघत बसला, आणि मग आक्काच पहिल्यांदा मोठ्यानं हसली.