ताईनं टोक उचललं नाही

माझी थोरली बहीण आणि तिचा नवरा, म्हणजे माझे भावोजी, काचा बसवतात. दुकानांच्या दर्शनी काचा, कचेऱ्यांमधल्या काचेच्या भिंती, जिन्यातल्या उंच खिडक्या. लग्न झालं तेव्हा भावोजींचा जोडीदार नुकताच काम सोडून गेला होता. ताई म्हणाली, "मी धरते दुसरं टोक," आणि एक वेळ वगळता ते तिनं आजतागायत सोडलेलं नाही. अंगानं अगदी काडी आहे, पण एकदा मनावर घेतलं की तिला हलवणं कुणाच्या बापाला जमत नाही. आमच्या बापालाही जमलं नव्हतं.

त्यांच्या कामाचा एक नियम आहे. मोठी काच उभी धरून दोघं चालतात, भावोजी पुढे, ताई मागे. एकानं "थांब" म्हटलं की दुसऱ्यानं जागच्या जागी थांबायचं. का, ते विचारायचं नाही. काच हातात असताना चौकशा करत बसलं तर बोटं जातात, असं भावोजी सांगतात. एरवी त्यांना अहोजाहो करणारी ताईसुद्धा कामावर सरळ "थांब" म्हणते; मान द्यायला तिथे सवड कुठे असते?

नियम कामापुरता उत्तम होता. या दोघांनी तो घरी नेला, आणि तिथेच घोळ झाला.

पन्नाशी गाठता गाठता भावोजींचं रात्रीचं जमेनासं झालं. आधी अधूनमधून, मग नेहमीच. ताईला त्यांनी चकार शब्द सांगितला नाही. पाठ धरली आहे म्हणाले आणि बाहेरच्या खोलीत सतरंजी टाकून झोपायला लागले. ताईनंही का म्हणून विचारलं नाही. ते थांबले म्हणून ही थांबली. वर्ष उलटलं तरी दोघं आपापल्या जागी उभीच.

एका दुपारी माझ्या शिवणयंत्राजवळ बसून तिनं हे मला सांगितलं. "माझ्यातच आता काही राहिलं नसेल," म्हणाली. माझं डोकंच फिरलं.

"असं ते म्हणाले का?"

"नाही."

"तू विचारलंस?"

"नाही."

"मग हे ठरवलं कुणी?"

ताईच्या कपाळावरची आठी मी लहानपणापासून ओळखते. ती उमटली की काहीतरी होणार.

त्यानंतर थोड्याच दिवसांत एका कचेरीच्या वरच्या मजल्यावर काच न्यायची होती. लिफ्टमध्ये मावेना, म्हणून जिन्यानं नेत होते. भावोजी प्रत्येक वळणावर "थांब" म्हणायला लागले. ताईला आधी वाटलं, कोपरा भिंतीला लागतोय. मग काचेतच तिला त्यांचा चेहरा दिसला. ओठ पांढरेफटक, तोंड उघडं, कपाळावरून घामाच्या धारा. काच जागेवर बसेपर्यंत ती काही बोलली नाही. नंतर जिन्यातच पायरीवर बसली आणि म्हणाली, "आता हात मोकळे आहेत. आता विचारते. का?"

"काय का?"

"इथे का थांबत होतात, आणि घरी का थांबलात. दोन्ही सांगा."

भावोजी आधी चिडले. मग इकडे तिकडे बघून घेतलं, जिन्यात कुणी नाही ना याची खात्री केली, आणि खाली मान घालून म्हणाले, "वय झालं माझं. संपलो मी. बस्स."

"संपलात की नाही ते डॉक्टर सांगतील," ताई म्हणाली.

डॉक्टर निघाल्या बाई. भावोजींचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यांनी पाठीचं दुखणं सांगितलं, मग गुडघ्याचं, मग पोटातल्या गॅसचं. बाई शांतपणे ऐकत होत्या. गुडघ्यावरून गाडी पुन्हा पाठीकडे वळायला लागली तेव्हा ताईला राहवेना.

"यांच्या पाठीला काही झालेलं नाही," ती म्हणाली. "वर्षभर यांना अंथरुणात जमत नाही आणि जिना चढताना दम लागतो."

भावोजींना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. डॉक्टर मात्र हसल्या नाहीत की संकोचल्या नाहीत. सिगारेट किती, घरात कुणाला हृदयविकार होता का, झोप कशी लागते, असं सगळं विचारलं. भावोजींचे वडील ऐन उमेदीत झटक्यानं गेले होते. मग त्या म्हणाल्या, "असं होण्याची कारणं पुष्कळ. साखर असते, काळजी असते, एखादं औषधही असतं. पण बऱ्याचदा दोष रक्तवाहिन्यांचा असतो. तिथल्या वाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक. आतून चरबी साचायला लागली की बारीक वाहिनी आधी अडते. मोठीचा नंबर नंतर, कधी दोन-चार वर्षांनी. हा तुम्हाला मिळालेला इशारा असू शकतो. जिन्यावर लागणारा दम मला आवडलेला नाही."

"दुकानातून परस्पर कसली गोळी घेता का?" त्यांनी शेवटी विचारलं.

"छे!" भावोजी इतक्या ठासून म्हणाले की ताईलाही खरं वाटलं.

कार्डिओग्राम काढला, तो चांगला आला. झालं! भावोजींना पंख फुटले. "बघ, मशीनच म्हणतंय मी ठणठणीत आहे." डॉक्टर म्हणाल्या, हा पडल्या पडल्या काढलेला कार्डिओग्राम, फिरत्या पट्ट्यावर चालवून तपासल्याशिवाय मी काही सांगणार नाही. साखर आणि चरबीचे रिपोर्ट आले, ते वाईट होते. तरी भावोजी टाळाटाळ करत राहिले. एका मोठ्या दुकानाची दर्शनी काच बसवायची होती, नंतर बघू म्हणाले.

ताई म्हणाली, "ठीक. मग मी माझं टोक उचलणार नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे तपासणी होईपर्यंत मी काचेला हात लावणार नाही. एकट्यानं न्या."

भावोजी तरी कसले ऐकतायत! त्यांनी काचेच्या गोदामातून एक दणकट माणूस आणला. दुकानाच्या दारात भावोजी म्हणाले "थांब", तो म्हणाला "का, काय झालं?" आणि पाऊल पुढे टाकलं. काच चौकटीवर आपटता आपटता वाचली. भावोजी तडक घरी आले आणि दारातूनच ओरडले, "घे बाई तारीख!" ताईनं ती आधीच घेऊन ठेवली होती.

तपासणीला मीही गेले. ताई वरून दगड दिसत असली तरी त्या दिवशी ती बाकावर टेकायला तयार नव्हती. पट्टा हळू चालला तोवर भावोजी आत कुणाला तरी विनोद सांगत होते. पट्ट्याचा वेग वाढला आणि विनोद बंद झाला. मग आतून घाईघाईचे आवाज आले, दार उघडलं, आणि आम्ही दोघी कुणाला न विचारता आत घुसलो.

भावोजी पलंगावर होते, हात छातीवर. अंगावरचा बनियन घामानं चिंब. तिथल्या तरुण डॉक्टरांनी एक बारीकशी गोळी काढली. "जिभेखाली धरा. छाती मोकळी होईल."

भावोजींनी त्यांचं मनगट धरलं. आधी ताईकडे बघितलं, मग माझ्याकडे. मेहुणीसमोर माणूस काय काय लपवतो हे मला ठाऊक आहे. आमच्यासमोर त्यांनी कधी ढेकरसुद्धा दिली नव्हती. खोलीत परिचारिका होती, मशीन चालवणारा होता. सगळे थांबले होते.

"काल रात्री ताकदीची गोळी घेतली होती," भावोजी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "मित्राकडून आणलेली. मी ठीक आहे हे हिला दाखवायचं होतं, म्हणजे तपासणीला यावं लागलं नसतं. काही उपयोग झाला नाही. ही गोळी तिच्यावर चालते का?"

डॉक्टरांनी हात मागे घेतला. "नाही चालत," ते म्हणाले. "रक्तदाब एकदम कोसळला असता. बरं झालं बोललात." मग धावपळ झाली, दुसरी औषधं दिली, आणि त्याच दिवशी भावोजींना मोठ्या इस्पितळात हलवलं. हृदयाची मुख्य वाहिनी जवळजवळ बंद होत आली होती. तिच्यात जाळी बसवली. तिथले डॉक्टर म्हणाले, अशा अवस्थेत हा माणूस काच घेऊन जिने चढत होता, कमाल आहे. मला त्यात कमाल वाटली नाही, मला राग आला.

दुसऱ्या दिवशी भेटायला गेले तर भावोजी माझ्याकडे बघेनात. छताकडे बघत म्हणाले, "मेहुणीसमोर अब्रू गेली."

"गेली तर गेली," मी म्हटलं. "तुम्ही राहिलात ना? मी काय तुमची अब्रू बघायला बसनं एवढ्या लांब आले?"

ते हसले, आणि हसताना जांघेत, जिथून नळी घातली होती तिथे, दुखलं म्हणून कळवळले. ताई खुर्चीवर बसून मोसंबं सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "वर्षभर मला वाटत होतं, मीच तुम्हाला नकोशी झालेय."

भावोजींचा चेहरा उतरला. "तसं काही नव्हतं गं. तुला सांगायची लाज वाटत होती. त्या लाजेपायी मेलोच असतो की."

"मरून दाखवायचं होतंत, मग बघितलं असतं," ताई म्हणाली, आणि सोललेलं मोसंबं हातात तसंच धरून हुंदके देऊन रडायला लागली.