पोतेन्सियानाची सुटका

आमच्या गावात पोतेन्सियानाला नशीबवान म्हणतात. चाच्यांनी पळवलेली बाई वीसेक वर्षांनी जिवंत परत येते, आणखी काय पाहिजे? असं बोलणाऱ्यांचं थोबाड फोडावंसं वाटतं मला. मलाही पळवलं होतं, मी त्याच चाच्यांच्या गलबतावर वल्ही मारत होतो आणि तिच्याबरोबर एकाच आगबोटीतून परत आलो. तिची सुटका मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे.

पोर असताना ती घरच्यांबरोबर मावशीच्या लग्नाला होडीने निघाली होती. नैर्ऋत्येचं वारं सुटलं की चाचे येतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण लग्नघरी कोण कोणाचं ऐकतं? बलांगिंगी बेटाच्या चाच्यांनी वाटेतच होडी धरली. म्हातारे पाण्यात ढकलले, बाकीचे बांधून नेले.

बलांगिंगीला पाण्यातल्या खांबांवर घरं. आमच्यावर राज्य करणाऱ्या स्पॅनिश सरकारची मालाची गलबतं लुटणं हा त्यांचा धंदा, जसा आमचा मासेमारीचा. घरी आले की हीच माणसं पोरांना खांद्यावर घेऊन फिरत. अंदान नावाच्या सुकाणूवाल्याने तिला कामाला घेतलं, पुढे तिच्याशी निकाह लावला. इंतान ही त्यांची एकुलती मुलगी.

लुटारूंच्या त्या बेटावर चोर म्हटलेलं कोणाला लागत नसे. 'बंदीण', म्हणजे धरून आणलेली गुलाम, म्हटलं की मात्र सुरे निघत. इंतानला पोरी तसं चिडवायच्या आणि ती रक्तबंबाळ होऊन घरी यायची. शेवटी अंदानने सगळ्या बेटाला हळदीचा भात घातला आणि मुखियासमोर सांगितलं, "आजपासून माझी बायको मोकळी." त्यानंतर मायलेकींना कोणी बंदीण म्हटलं, तर त्याला पंचांपुढे उभं राहावं लागे. पोतेन्सियाना मला म्हणाली होती, "कोलास, आता माझ्या पोरीला चांगलं घर मिळेल." एवढी हसताना तिला मी परत कधी पाहिली नाही.

मग सरकारच्या आगबोटी आल्या. तोफांनी बेटावरचा किल्ला पाडला, त्यात अंदान गेला. उरलेल्यांना वाळूवर बसवलं. पळवून आणलेल्या ख्रिस्ती लोकांना घरी पाठवायचं आणि बेटावरच्या मुसलमानांना, ज्यांना सरकार मोरो म्हणे, दूर उत्तरेला तंबाखूच्या मळ्यात टाकायचं, असा हुकूम होता. तिथून समुद्र दिसतसुद्धा नाही म्हणे.

पोतेन्सियानाने ते ऐकलं आणि छातीवर बोटांनी क्रूसाची खूण केली. मी ख्रिस्ती, मला पळवून आणलंय, असं ओरडली. शिपायांनी तिला उचलून आमच्यात आणून बसवलं. आईच्या मागे लेक येणारच, असं धरून चालली होती ती.

दुभाष्या इंतानपाशी गेला. "काय गं, तू बंदीण का?"

झालं! भोवतीच्या बाया एकदम उसळल्या.

"जीभ हासडीन मेल्या! बंदीण कोणाला म्हणतोस?"

"तिची आई मोकळी झालीय. आम्ही भात खाल्लाय त्याचा!"

बिचाऱ्या बाया पोरीचीच बाजू घेत होत्या. घरदार जळालेलं, उद्याचं ठाऊक नाही, पण शेजारणीच्या लेकीची अब्रू त्यांनी जाऊ दिली नाही.

"इंतान, हो म्हण!" पोतेन्सियाना किंचाळली. "बंदीण आहे म्हण गं बाय!"

पोरीने मान वर केली. "मी अंदानची मुलगी आहे. आई, तुला लाज कशी वाटत नाही?"

दुभाष्याने खांदे उडवले आणि तो पुढे गेला.

मग पोतेन्सियाना शिपायांच्या पाया पडली. मी मोरो आहे, मला तिकडे टाका, म्हणाली. अधिकारी हसला. क्रूसाची खूण केलेली बाई मोरोंच्या हवाली करणं म्हणजे पाप, असं त्याने दुभाष्याकरवी सांगितलं. मुलगी दुसऱ्या बोटीत चढली. आईकडे तिने पाठ फिरवली होती.

इथे गावी आल्यावर पाद्रीबाबांनी पोतेन्सियानाला पुन्हा प्रार्थना शिकवल्या. गावाने झोपडी दिली. बाया विचारत, "त्या राक्षसांनी फार छळलं का गं काकी?" ती उठून अंगण झाडायला लागायची. पुढे कुठून तरी बातमी आली, की मळ्यातले काही जण पळाले आणि परत दर्यावर लुटालूट करू लागले. तेव्हापासून नैर्ऋत्येचं वारं सुटलं की तिचा डोळा समुद्रावर. सगळा गाव चाचे येऊ नयेत म्हणून मेणबत्त्या लावी. ही का लावते, ते फक्त मला ठाऊक होतं.

परवा टेहळणीच्या बुरुजावरची घंटा वाजली. तीन शिडं दिसली होती. लोक पोरंबाळं घेऊन डोंगराकडे धावले आणि पोतेन्सियाना उलटी, किनाऱ्याकडे. मी मागे पळालो. ती छातीएवढ्या पाण्यात उभी राहून लेकीला हाका मारत होती, चाच्यांच्याच भाषेत.

होड्या जवळ आल्या. मीठ विकणारे निघाले. त्यातला एक म्हणाला, "मावशी, भिऊ नकोस. चाचे संपले आता. सरकारने समुद्र पार धुऊन काढलाय."

तिने माझ्याकडे पाहिलं. "एकही उरला नाही का रे, कोलास?"

मी तिचा दंड धरून तिला बाहेर काढलं. गाव डोंगरावरून हसत खाली येत होता.